किल्ली फिरवली की टेप चालू

किल्ली फिरवली की टेप चालू, किल्ली काढली की टेप बंद. एवढ्या एका वाक्यावर मी संसार केला, दोन मुली शिकवल्या आणि रहाटणीहून काळेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘बशीर कार साऊंड’ हा बोर्ड आजवर टिकवला. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकवाल्यांनी ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ म्हणून गळ घातली, तेव्हा मी म्हटलं, अहो, त्यात लिहायचं काय? तर आतून नसीम, म्हणजे आमची बायको, म्हणाली, “गिऱ्हाइकांना दिवसभर जे ऐकवता तेच लिहा. कागद निदान मध्येच उठून जाणार नाही.” तिचं माझ्याबद्दलचं मत हे असं आहे. तेव्हा लिहितोच.

आधी टेपविषयी. टेप म्हणजे आता कॅसेटचा राहिलेला नाही, पेन ड्राइव्हचा आणि ब्लूटूथचा असतो. तरी आमच्या धंद्यात त्याला टेपच म्हणतात. आजोबांनी धोतर सोडून पँट घातली तरी ते आजोबाच ना, तसं. बाजारातून आणलेल्या टेपच्या पाठीतून वायरींचा झुपका निघतो. स्पीकरच्या वायरी सोडा, त्या कुणीही जोडतो. खरी मजा तीन वायरींची. काळी जाते गाडीच्या पत्र्याला, तिचं काही म्हणणं नसतं. पिवळी कायमची बॅटरीला. गाडी बंद असताना टेपची आठवण जागी ठेवायचं काम तिचं, म्हणजे गाणं कुठे थांबलं होतं, आवाज किती होता, सगळं ती लक्षात ठेवते. आणि तिसरी लाल. ही किल्लीला बांधलेली. किल्ली फिरली की लालमध्ये करंट येतो आणि टेपला कळतं की मालक आले, आता गायला पाहिजे.

या लाल वायरीला गाडीतली नेमकी कुठली वायर द्यायची, हे शोधणं म्हणजे आमची कला. त्यासाठी डोकं डॅशबोर्डखाली घालायचं, पाय दाराबाहेर काढायचे, हातात टेस्ट लॅम्प घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला ओरडून सांगायचं, फिरवा, बंद करा, परत फिरवा. टेस्ट लॅम्प म्हणजे टोचायची सुई लावलेला एक छोटा दिवा. किल्लीबरोबर तो लागला आणि किल्लीबरोबर विझला की समजायचं, सापडली. लग्नानंतर नसीम पहिल्यांदा दुकानात डबा घेऊन आली तेव्हा एका गाडीतून दोन पाय बाहेर आले होते. त्या पायांपाशी उभं राहून तिनं माझ्या आईबद्दलची सगळी तक्रार सांगितली. ते पाय गिऱ्हाइकाचे होते. तो भला माणूस मान बाहेर काढून म्हणाला, “वहिनी, तुमचंच बरोबर आहे.” तो अजून येतो आणि अजून नसीमच्याच बाजूनं बोलतो.

लाल वायर चुकली की काय होतं ते ऐका. पिंपळे सौदागरचे एक गृहस्थ आले. त्यांच्या मेव्हण्यानं हौसेनं टेप बसवून दिला होता आणि लाल वायर ब्रेकच्या दिव्याला जोडली होती. ब्रेक दाबला की गाणं लागायचं, सोडला की बंद. घरच्या पोरी म्हणायच्या, पप्पा, गाणं संपेपर्यंत सिग्नल लाल राहू दे. दुसऱ्या एकाचा टेप इंडिकेटरवर होता. डावीकडे वळताना गाणं तुकड्यातुकड्यानं यायचं. मी विचारलं, इतके दिवस काढले कसे? तर म्हणाले, “आमच्या घराकडे सगळी डावीच वळणं आहेत हो.” आणि चाकणकडच्या एका आजोबांना किल्ली फिरवल्यावर आधी शंख वाजायला हवा होता, मग इंजिन. इंजिन आधी की शंख आधी, यावर आमची अर्धी सकाळ गेली. शेवटी दोन्ही एकदम वाजतील असं करून दिलं, आणि आजोबा जाताना गाडीच्याच पाया पडले.

पण सगळ्यात वैताग ‘डायरेक्ट’वाल्यांचा. डायरेक्ट म्हणजे लाल आणि पिवळी एकत्र पिळून सरळ बॅटरीला द्यायची. मग किल्ली असो नसो, टेप चालूच. आमच्या पट्ट्यात हे मागणारे खंडीभर. कंपनीच्या शिफ्टला गाडी लावणारा ड्रायव्हर माणसं सोडतो आणि शिफ्ट सुटेपर्यंत तिथेच बसतो. त्याला करमणूक पाहिजे. तो डायरेक्ट करून घेतो, आठ तास गाणी ऐकतो आणि सुटीच्या वेळी बॅटरी आडवी झालेली असते. मी कुणालाही डायरेक्ट करून देत नाही. माझ्या दुकानात लाल-पिवळीचं लग्न लागत नाही, असं मी तोंडावर सांगतो. नसीम म्हणते, या तोऱ्यापायी तुम्ही किती गिऱ्हाइकं घालवलीत. घालवली तर घालवली.

आता खरं तर घालवायलाही फारशी उरलेली नाहीत. नव्या गाड्यांना कंपनीतूनच ताटाएवढा स्क्रीन येतो. मागची वायरिंग सगळी कॉम्प्युटरवर, हात लावला की गाडी रुसते. दाराबाहेर पाय काढून झोपायचं काम उरलं नाही, याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. त्यामुळे एखादी जुनी मिनीबस दुकानासमोर येऊन थांबली की मी हातातला चहा तिलाच पाजायचा बाकी ठेवतो.

अशीच एक मिनीबस घेऊन ज्ञानोबा आला. ज्ञानोबा महाळुंग्याचा, जुन्या गावातला. गावाच्या चारी अंगांना कंपन्या झाल्या आणि हा शेतीतून उठून स्टीअरिंगवर बसला. त्याची बस एका कंपनीच्या पहिल्या शिफ्टला लागलेली होती. त्याला टेप हवा होता, अॅम्प्लिफायर हवा होता आणि सीटखाली बासचा डबा हवा होता. आणि अर्थात डायरेक्ट.

“बशीरभाऊ, किल्ली न्हाई तर गाणं न्हाई, आसं कसं चालंल? मी दिसभर तितं काय करू?”

“झोप.”

“झोपतू की. पण झोपायच्या आदी?”

दहा मिनिटं वाद झाला. मग त्यालाच आठवलं की आपल्या कंपनीत डायरेक्टचा काही उपयोगच नाही. तिथला नियम वेगळा होता. आत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीची किल्ली गेटवरच्या कॅबिनमध्ये जमा करायची. आगबिग लागली तर गाड्या हलवता आल्या पाहिजेत, हे कारण. आणि ड्रायव्हरनं गाडीत बसायचंच नाही. त्यांच्यासाठी कॅन्टीनच्या मागे पत्र्याची शेड होती, पार्किंगपासून लांब.

हा नियम पाळून घेणारे म्हणजे गेटवरचे सुभेदार. फौजेतून रिटायर झाले, देहूरोडला घर बांधलं आणि घरी बसवेना म्हणून सिक्युरिटीत आले. कंपनीच्या मोठ्या साहेबांचा पास एकदा घरी राहिला होता. सुभेदारांनी त्यांना कडक सॅल्यूट मारला आणि बाहेरच उभं केलं. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर लोकांत त्यांना हसवायच्या पैजा लागायच्या आणि सगळेच हरायचे.

टेप बसवून झाल्यावर ज्ञानोबानं स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला. आधी भजनं लागली. मग एकदम ढोलकी, शिट्ट्या आणि नाकातून बोलणारा एक माणूस. मी विचारलं, हे काय? तो लाजला. गावच्या जत्रेत त्यांची मंडळी बतावणी करतात. बतावणी म्हणजे तमाशात दोघातिघांचे हसवणारे सवाल-जवाब असतात ना, ते. त्यात ज्ञानोबा सोंगाड्या. पोरांनी ती सगळी रेकॉर्ड करून त्याला दिली होती.

“घरी लावली तर मंडळी म्हणत्यात बंद करा. गाडीत लावली तर लोकं झोपल्याली. पाहाटंची शिफ्ट हाय ना. म्हणून म्हनलं बास जरा मोटा बसवावा, म्हंजी जागी व्हतील.”

कलाकार माणूस. मी बास जरा मोठाच बसवून दिला.

थोडे दिवस गेले आणि शिफ्ट सुटायच्या वेळी बस सुरूच होईना. बॅटरी उतरलेली. पहिल्या शिफ्टची माणसं, आठ तास उभं राहून दमलेली, युनिफॉर्मवर बस ढकलत गेटबाहेर आली. त्याच आठवड्यात परत तेच. कंपनीच्या ट्रान्सपोर्टचं काम बघायच्या दीपाली मॅडम. त्या स्वतः गेटवर आल्या आणि ज्ञानोबाला म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर सोमवारपासून इथं दुसऱ्याची बस लागेल. ज्ञानोबाची बस त्या एका कंपनीवर चालायची, आणि ज्ञानोबाचं घर त्या एका बसवर.

तो तसाच तणतणत माझ्याकडे आला. “तुमच्या टेपानं माजी बॅटरी खाल्ली. तुमी डायरेक्ट केलंया.”

मला कुणी काहीही म्हणावं. कंजूष म्हणावं, बडबड्या म्हणावं. पण मी डायरेक्ट केलं असं म्हणायचं नाही. मी पाना फेकला आणि बसखाली, बसवर, बसच्या आत, सगळीकडे मीटर लावला. किल्ली काढली की लाल वायर मेल्यासारखी गार. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं. मी सगळं त्याला हात धरून दाखवलं. काउंटरवरून नसीम म्हणाली, “मग भूत ऐकत असेल गाणी. भुतालाही दुपारी करमत नसणार.”

ज्ञानोबानं एकदा बसकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाला, “वैनी, हसू नगा, पण कायतरी हाय. मी सकाळी भजन लावून आत जातू. भजन लागल्यालं आसतानाच किल्ली काढून देतू. आन शिफ्ट सुटल्यावर किल्ली फिरवली की टेपात मीच बोलाया लागतू.”

“म्हणजे?”

“बतावणीच लागती. रोज. कदी मधनं, कदी शेवटनं. मला वाटलं पेन ड्राइव यडा झालाय.”

मी त्याला खाली बसवलं. पेन ड्राइव्हला वेड लागत नाही. पिवळी वायर जे शेवटचं ऐकलं ते लक्षात ठेवते, आणि ती खोटं बोलत नाही. सकाळी भजन आणि सुटीच्या वेळी बतावणी, म्हणजे मधल्या वेळात टेप वाजला. टेप वाजला म्हणजे लालमध्ये करंट आला. लालमध्ये करंट आला म्हणजे किल्ली फिरली. आणि किल्ली दिवसभर कुणाकडे असते?

ज्ञानोबानं दोन्ही कान पकडले. “सुभेदार? बशीरभाऊ, आसं बोलू नगा. त्यो मानूस हसत बी न्हाई.”

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या बसमधून कंपनीत गेलो. बसचं इलेक्ट्रिक तपासायला मेकॅनिक आणलाय, असं ज्ञानोबानं गेटवर सांगितलं. सुभेदार बाहेर आले. शर्टाची इस्त्री इतकी कडक की माणूस काढून घेतला तरी शर्ट उभा राहील. त्यांनी माझी पिशवी टेबलावर ओतली.

“हे काय?”

“टेस्ट लॅम्प.”

“कशाची टेस्ट?”

“करंटची. करंट आहे की नाही बघायला.”

“कंपनीत करंट आहे. टेस्टची गरज नाही.” त्यांनी लॅम्प बाजूला ठेवला. “आणि ही?”

“जंपर केबल. एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी गाडी चालू करायला.”

“म्हणजे दुसऱ्याच्या गाडीतून करंट काढायला. ही पण जमा.” मग बसची किल्ली त्यांनी खुंटीवर लावली आणि आम्हाला शेडची दिशा दाखवली. “गाडी सुटीच्या आधी तपासायची. तोपर्यंत शेडमध्ये.”

शेडमध्ये आम्ही जेवणाच्या सुटीपर्यंत तग धरला. मग कॅन्टीनच्या भिंतीआडून, दोन कढीपत्ता चोरणाऱ्या पोरांसारखे वाकत, पार्किंगला पोचलो. माझं वय आणि पोट बघता ते दृश्य चांगलं नसणार. ज्ञानोबाची बस भिंतीकडे तोंड करून उभी होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले. आणि बस हळूहळू हलत होती.

जवळ गेलो तर आतून बासची धुपधुप. पडद्याच्या फटीला मी एक डोळा लावला, दुसऱ्या फटीला ज्ञानोबानं.

मागच्या लांब सीटवर सुभेदार मांडी घालून बसले होते. बूट खाली पेपरवर जोडीनं ठेवलेले, मोजे त्यावर घडी करून. मांडीवर डबा. पुढे ब्लोअर फुल चालू, किल्ली पूर्ण फिरवलेली. आणि सुभेदार हसत होते. असं तसं नाही, पोट धरून, भाकरीचा घास हातातच ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिशा सगळ्या विस्कटलेल्या. टेपमधून सासरा विचारत होता, जावईबापू, काम काय करता? नाकातला ज्ञानोबा म्हणाला, पहारा देतो. कशाचा? ते विचारायचं राहिलं. किती वर्षं देताय? बारा. अहो, बारा वर्षांत विचारलं नाही? आणि जावई म्हणतो, इचारायला जागा सोडावी लागती.

सुभेदार सीटवर आडवे झाले.

मी दाराकडे हात नेला. ज्ञानोबानं माझं मनगट पकडलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पहिल्या मुलाला पाहताना बापाचा होतो तसा झाला होता.

“थांबा,” तो कुजबुजला. “हितं हसला त्यो. ह्या जाग्यावर आमच्या गावात कुनी हसलं न्हाई, बशीरभाऊ. कुनीबी न्हाई.”

“ज्ञानोबा, बॅटरी.”

“व्हय व्हय. ह्यो एक हू द्या. आता म्हशीचा येतुया.”

म्हशीचा आला. सुभेदार त्यालाही हसले. मग त्यांनी उठून पुढे जाऊन तोच भाग परत लावला, आणि पुढचं वाक्य स्वतः आधीच म्हणून पुन्हा हसले. ज्ञानोबा फटीला चिकटून एकेक नोंद घेत होता. इथं थोडं हसला, इथं लई हसला, इथं ठसका लागला. मी त्याला दोनदा ओढलं. तो म्हणाला, “शेवटचा पावण्यांचा, मग बंद करू.” त्याचं पोट ज्या बसवर चालतं तिची बॅटरी आमच्या डोळ्यांसमोर उतरत होती आणि हा गडी पाहुण्यांच्या विनोदाची वाट बघत होता. खरं सांगायचं तर मीही थांबलो होतो. आवाज फारच सुरेख येत होता. बास स्वच्छ, कुठे घरघर नाही. मीच बसवलेला ना.

मग एकाएकी बास गेला. ब्लोअर मंदावला. टेपवरचे आकडे फिके झाले आणि विझले. आत सुभेदारांनी टेपला दोन टिचक्या मारल्या, उसासा टाकला, मोजे-बूट घातले, मिशा बसवल्या. किल्ली काढून, दार लावून, पहिल्यासारखाच दगडी चेहरा करून ते कॅबिनकडे गेले.

ज्ञानोबाला तेव्हा कुठे जाग आली. “आता रं?”

जंपर केबल हवी होती आणि ती कॅबिनमध्ये जमा होती. आम्ही पळत गेलो.

“केबल पाहिजे,” मी म्हटलं.

“कशाला?”

“बॅटरी उतरलीय.”

“किल्ली इथं आहे,” सुभेदार म्हणाले. “गाडी अजून चालू केली नाही. बॅटरी उतरली हे कसं कळलं?”

आता काय सांगणार? आम्ही फटीतून बघत होतो असं सांगायचं? मी छताकडे बघितलं, ज्ञानोबानं चपलेकडे. सुभेदारांनी आमच्याकडे बघितलं. मग खुंटीवरच्या किल्लीकडे बघितलं. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं, बस्स. “सुटीच्या वेळी या,” ते म्हणाले.

शिफ्ट सुटली. माणसं बसमध्ये बसली. ज्ञानोबानं किल्ली फिरवली. टक. परत फिरवली, आणि आता टकसुद्धा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “उतरा रे, ढकलायचंय.” तेवढ्यात दीपाली मॅडम आल्याच.

“ज्ञानोबा, मी काय सांगितलं होतं?”

ज्ञानोबा उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, “चुकलं, मॅडम.”

“चुकलं नाही, संपलं. सोमवारपासून येऊ नका.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि हे कोण? यांनीच ती वायरिंग केलीय का?”

माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडलं, तर ज्ञानोबानं माझ्या पायावर त्याच्या पायाचं सगळं वजन ठेवलं. त्याचं काम जात होतं, तरी त्याला नाव घ्यायचं नव्हतं. नंतर मी त्याला विचारलं, का रे? तर मलाच म्हणाला, “आयुष्यात एक ऐकणारा गावला, त्याला काय पकडून देऊ?”

कॅबिनचं दार उघडलं. सुभेदार चालत आले, मॅडमसमोर सावधान उभे राहिले.

“मॅडम, किल्ली माझ्या ताब्यात होती. किल्ली मी वापरली. बॅटरी मी उतरवली. मागच्या दोन्ही वेळा पण मीच.”

“तुम्ही? कशासाठी?”

“बतावणी ऐकत होतो.”

“काय ऐकत होतात?”

“विनोदी संवाद, मॅडम.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “सुभेदार, तुमचं मन मोठं आहे. पण ड्रायव्हरला वाचवायला खोटं बोलू नका. तुम्ही आणि विनोदी?”

सुभेदार दुखावले. खोटं बोललात असं त्यांना कुणी कधी म्हटलं नसणार. त्यांनी छाती पुढे काढली आणि परेडच्या आवाजात, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं सुरू केलं.

“सासरा विचारतो. जावईबापू. काम काय करता.”

 कुणी हसेना, कुणी हलेना. सुभेदार पुढचं वाक्य आठवत होते की सगळे बघतायत म्हणून अडखळले होते, कोण जाणे. कानशिलं लाल झाली होती त्यांची.

माझ्या शेजारून नाकातला आवाज आला. “पहारा देतो.”

सुभेदार झटकन वळले. मग हळूच, परेड विसरून, म्हणाले, “कशाचा?”

“ते इचारायचं ऱ्हायलं,” ज्ञानोबा म्हणाला. आता तो सोंगाड्यासारखा एका पायावर कलून उभा होता, गुडघा वाकवून, एक भुवई वर. बसच्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकली. पहाटे झोपणारी तीच माणसं.

पण सुभेदार पुढचा प्रश्न विचारेनात. ते ज्ञानोबाकडे बघतच राहिले. “तो तू?”

“व्हय, सुभेदार. म्याच.”

“रोज सकाळी माझ्या हातात किल्ली देतोस. कधी सांगितलं नाहीस.”

“तुमी इचारलं न्हाई.”

सुभेदारांनी जरा विचार केला. “विचारायला,” ते म्हणाले, “जागा सोडावी लागते.”

मग जे हसू फुटलं ते बसमधून गेटपर्यंत गेलं. दीपाली मॅडमनी मोबाइल तोंडासमोर धरला, पण मोबाइल हलत होता. पहिले सुभेदारच हसले होते, सगळ्यांच्या देखत, आणि ते थांबेनात. दुसऱ्या एका बसच्या ड्रायव्हरनं कधीतरी पैज लावली होती, तो मोठ्यानं ओरडून पैसे मागायला लागला.

मॅडमनी डोळे पुसले आणि आवाज परत कडक केला. ज्ञानोबाची बस राहील. किल्ल्या कॅबिनमध्येच जमा होतील. आणि सुभेदारांना काही ऐकायचं असेल तर त्यांनी कॅबिनमध्ये स्वतःची सोय करावी, लोकांच्या गाडीत नाही. मला जंपर केबल परत मिळाली, पण सही करूनच. शेजारच्या बसवरून करंट घेतला आणि ज्ञानोबाची बस सुरू झाली. टेस्ट लॅम्प मागायला मी विसरलो. तो अजून त्यांच्याकडेच आहे.

त्या रविवारी सुभेदार माझ्या दुकानात आले. साध्या कपड्यांत, पण त्यांनाही इस्त्री तशीच. म्हणाले, कॅबिनमध्ये टेप बसवायचाय. मी म्हटलं, सोपं आहे, एक बटण देतो. नको म्हणाले. किल्लीवर चालू झाला पाहिजे.

“अहो, कॅबिनला कुठली किल्ली?”

“बसवा. माझ्या हाताशी बटण असलं तर मी दिवसभर ऐकत बसेन. गेट उघडं राहील. किल्ली ज्ञानोबाकडे राहील. तो जेवायला येईल तेव्हाच चालू.”

असं काम मला कधी कुणी दिलं नव्हतं. मी भंगारातल्या एका गाडीचं किल्लीचं कुलूप काढून आणलं. पिवळी बॅटरीला, काळी अर्थिंगला, आणि लाल त्या कुलपातून. कॅबिनच्या टेबलाखाली मी डोकं घालून झोपलो, पाय गेटच्या रस्त्यावर, आणि सुभेदार वरून सांगत होते, फिरवली, बंद केली, फिरवली. इतकं चोख काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मध्यंतरी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून दुपारी कॅबिनमध्ये डोकावलो. सुभेदार आणि ज्ञानोबा समोरासमोर डबे उघडून बसले होते. ज्ञानोबा नाकातून बोलत होता, सुभेदार सासरा झाले होते आणि भाकरी हातातच होती. मी विचारलं, टेप कसा चाललाय? दोघंही गोंधळले. मग सुभेदार म्हणाले, “बशीरभाई, तो अजून लावलाच नाही. हा समोर बसलेला असताना टेप कशाला?”

किल्ली ज्ञानोबाच्या खिशात होती. मी मागून घेतली, कुलपात घालून फिरवली, टेप लागला. काढली, टेप बंद झाला. वायरिंग एकदम ओके आहे.